कुत्रा छाप तबकडी : चित्राखालचं चित्र

मंडळी, जुनी तबकडी हातात घेतली की गायकाचं नाव वाचायच्या आधी आपली नजर जाते मधल्या चित्रावर. कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला कुत्रा. खाली इंग्रजीत 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे धन्याचा आवाज. आपल्या लोकांनी त्याचं सरळ 'कुत्रा छाप' करून टाकलं. जतसारख्या मराठी-कानडी मुलखात चित्राला भाषा आड येत नाही, बरं का! अमेरिकेत १९१७ साली जॅझची पहिली तबकडी निघाली, तिच्यावरही हाच कुत्रा होता. तर हे चित्र आलं कुठून, ते आज आपण बघू.

कुत्र्याचं नाव निपर. जन्म १८८४, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. मालक मार्क बॅरॉड १८८७ मध्ये वारले, आणि पुढे निपर त्यांच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिसकडे आला. तो मेला १८९५ मध्ये. तीन वर्षांनी फ्रान्सिसनं त्याचं चित्र काढलं. पण त्या चित्रात ग्रामोफोन नव्हता! होता फोनोग्राफ, मेणाच्या नळकांड्यावर चालणारा.

चित्र खपेना. काळा कर्णा उठून दिसत नाही म्हणून फ्रान्सिस १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीकडे पितळी कर्णा उसना मागायला गेला. तिथले व्यवस्थापक ओवेन म्हणाले, आमचं यंत्र काढून देत असाल तर चित्र विकत घेतो. सौदा ठरला १०० पौंडांना : ५० चित्राचे, ५० हक्कांचे. फ्रान्सिसनं फोनोग्राफवर रंग चढवून ग्रामोफोन काढला.

आता गंमत बघा. मेलेल्या धन्याचा आवाज कुत्रा ऐकतोय, तो शवपेटीवर बसलाय, असं आपण ऐकत आलोय. त्याला पुरावा नाही. पण फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज भरता यायचा, त्यामुळे निदान ते शक्य तरी होतं. ग्रामोफोनवर तबकडी नुसती वाजवायची. म्हणजे पैसे देणाऱ्याचं यंत्र वर आलं, आणि गोष्ट राहिली ती रंगाखाली गेलेल्या यंत्राची!

आपल्याकडे आधी कुत्रा नव्हता. या कंपनीनं १९०२ मध्ये कलकत्त्यात गाणी भरली, तेव्हा तिची खूण होती तबकडीवर पिसानं लिहिणारा देवदूत. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना ओळख पटावी म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव सांगायच्या. गौहर जानचं ऐका, सापडेल.

फ्रान्सिस १९२४ मध्ये वारला. तोवर त्यानं कंपनीसाठी याच चित्राच्या २४ प्रती काढल्या होत्या.

निपरचं नाव आज जगाला ठाऊक आहे. आपल्या कित्येक तबकड्यांवर मात्र तबला, पेटी, सारंगी वाजवणाऱ्यांची नावंच नाहीत. तेव्हा माळ्यावरची तबकडी भंगारात देण्याआधी कुत्र्याखालची बारीक अक्षरं वाचा, आणि नाव असेल तर लिहून ठेवा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यालाही विचारा, साथीला कोण होतं ते. त्यालाच आठवत असेल कदाचित.