पाण्यात उतरण्यापूर्वी...

उन्हाळ्याची सुटी लागली की तरणतलावांवर मुलांची झुंबड उडते आणि पहिल्या पावसानंतर हीच गर्दी धबधबे, धरणे व समुद्रकिनाऱ्यांकडे वळते. मात्र, सहलीचा आनंद क्षणात दुःखात बदलल्याच्या घटना महाराष्ट्राला नवीन नाहीत. मुरूडच्या समुद्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. लोणावळ्यात भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्यांतील जवळपास एकचतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती.

निःशब्द संकट

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. तोंड पाण्याच्या खाली-वर होत असताना त्याला श्वास घेण्यासही उसंत मिळत नाही; मग तो हाक कशी मारणार? म्हणूनच लहान मूल नेहमी हाताच्या अंतरावर असावे. ‘सगळेच आहेत’ म्हणताना प्रत्यक्षात कोणाचेच लक्ष नसते. मोठ्यांनी पाळी ठरवून, मोबाइल बाजूला ठेवून, नजर ठेवावी.

तरणतलाव आणि घर

सोसायटी वा फार्महाउसमधील तलावास चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण व आपोआप बंद होणारे फाटक असावे. खोली जाणून घेतल्याशिवाय सूर मारू नये. उथळ पाण्यात मानेच्या मणक्यास कायमची इजा होऊ शकते. हवा भरलेल्या रिंगा ही खेळणी आहेत, जीवरक्षक साधने नव्हेत. रांगते मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते. त्यामुळे वापरानंतर बादल्या, टब रिकामे करावेत आणि पिंपे झाकावीत.

समुद्र, नदी, धरण

भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिकांकडून जाणून घ्याव्यात. लाल झेंडा असल्यास पाण्यात उतरू नये. किनाऱ्यापासून आत खेचणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नये. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. डोंगरमाथ्यावर पाऊस झाल्यास पायथ्याचा ओढा काही मिनिटांत फुगतो. अशा वेळी एकमेकांना घट्ट धरून उभे राहिल्याने प्रवाह थोपवता येत नाही. पाणी गढूळ होऊ लागताच किंवा धरणाचा भोंगा ऐकू येताच तत्काळ वर यावे.

दुर्घटना घडल्यास

वाचवण्यासाठी उडी घेणारेही अनेकदा बुडतात. काठावरूनच दोर, काठी, ओढणी अथवा झाकण लावलेला रिकामा कॅन द्यावा आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबून वा तिला उलटे टांगून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास बंद असल्यास तोंडाने श्वास द्यावा आणि छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा; ३० दाबांनंतर २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. प्राणवायूअभावी मेंदूला काही मिनिटांतच इजा होते. रुग्ण शुद्धीवर आला, तरी त्याला रुग्णालयात न्यावे. हे तंत्र कुटुंबातील किमान एकाने प्रशिक्षकाकडून शिकून घेणे हितावह ठरेल.