'थिंग' नावाची सभा

इंग्रजी बोलताना नेमका शब्द सापडेना की माणूस 'थिंग' म्हणून पुढे जातो. चमच्याला चालतो, चुकीला चालतो, भीतीला आणि प्रेमालाही चालतो. वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला शब्द, की त्याला कधीकाळी स्वतःचा ठाम अर्थ होता हे खरंच वाटत नाही. पण होता. थिंग म्हणजे सभा. टोळीतले स्वतंत्र पुरुष ठरल्या दिवशी, ठरल्या माळावर, हत्यारांसकट जमत; तंटे तोडत, कायदा ठरवत. ती सभा म्हणजे थिंग. जर्मन आणि डच 'डिंग', डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश 'टिंग', आइसलँडिक 'थिंग' ही सगळी एकाच घरातली भावंडं.

या घराण्यातल्या गॉथिक भाषेत 'थीह्स' म्हणजे काळ, वेळ. त्यावरून बहुतेक भाषाशास्त्रज्ञ असं मानतात की आधी अर्थ होता 'नेमलेली वेळ', आणि मग त्या वेळी भरणारी सभा. आपल्याकडेही 'उद्या तारीख आहे' म्हटलं की कोर्टातलीच तारीख समजते.

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. 98च्या सुमारास जर्मन टोळ्यांच्या सभांचं वर्णन करून ठेवलं आहे. सभा अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला भरे. लोक सगळे एकदम येत नसत, त्यांच्या वाटेकडे डोळे लावण्यात दोन-तीन दिवस जात. शांतता राखायचं काम पुरोहितांचं. म्हणणं पटलं नाही तर कुरबूर उठे, पटलं तर भाल्यांचा खणखणाट होई. पुढे 643 साली इटलीत लोंबार्ड राजा रोथारी याने कायदे लिहून घेतले, तेव्हा त्यांना मान्यता देण्याच्या विधीचं नाव होतं 'गैरेथिंक्स'. शब्दशः भाल्यांची थिंग. मधे साडेपाचशे वर्षं गेली, टोळ्या आल्प्स ओलांडून दक्षिणेत उतरल्या, तरी भाला आणि सभा यांची जोडी फुटली नव्हती.

या सभेला देवही होता. उत्तर इंग्लंडात हेड्रियनच्या भिंतीवर हाउसस्टेड्स नावाचा रोमन किल्ला आहे. तिथे 1883 साली तिसऱ्या शतकातली एक वेदी सापडली. आजच्या नेदरलँड्समधल्या ट्वेंटे भागातून रोमन सैन्यात आलेल्या शिपायांनी ती अर्पण केलेली. लेख लॅटिनमध्ये आहे आणि देवाचं नाव आहे मार्स थिंग्सुस, म्हणजे थिंगचा मार्स. मार्स म्हणजे मंगळ, त्याचा वार मंगळवार. आणि मंगळवारला जर्मनमध्ये म्हणतात 'डीन्सटाग', डचमध्ये 'डिन्सडाख'. ही नावं याच थिंग्सुसवरून आली, असं सहसा मानलं जातं.

थिंगचं सगळ्यात भरलेलं रूप पाहायचं तर आइसलँडला जावं लागतं. तिथे राजा नव्हता. नॉर्वेहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी सुमारे 930 साली सगळ्या बेटाची मिळून एक सभा सुरू केली, ती 'अल्थिंग'. जागा थिंगवेल्लीर, म्हणजे थिंगचं मैदान. उन्हाळ्यात दूरदूरहून माणसं घोड्यांवरून येत आणि दगडमातीच्या भिंतींवर कापड ताणून राहुट्या करत. मधोमध कायद्याचा खडक. त्यावर उभा राहून कायदा-वक्ता कायदा तोंडपाठ म्हणे, कारण लिहिलेला कायदा नव्हताच. वर्षाला एक तृतीयांश, अशा तीन वर्षांच्या मुदतीत पूर्ण कायदा म्हणून व्हायचा. देशाचा कायदा एका माणसाच्या जिभेवर असायचा आणि शेकडो कान तो तपासून पाहायचे. तो लिहून काढायचं ठरलं 1117 साली.

इ. स. 1000च्या सुमारास या सभेत ख्रिस्ती आणि जुन्या देवांचे उपासक हातघाईवर आले. निवाडा सोपवला गेला थोरगेयर या कायदा-वक्त्यावर. तो स्वतः जुन्या धर्माचा. दिवसभर आणि रात्रभर तो अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला, कुणाशी बोलला नाही. सकाळी उठून त्याने सांगितलं की कायदा दोन झाला तर शांतताही दुभंगेल, म्हणून सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. मात्र घोड्याचं मांस खायला आणि घरात गुपचूप जुन्या देवांना बळी द्यायला मुभा राहील. लोकांनी ते मानलं. तलवारी हाताशी नव्हत्या असं नाही. पण शब्द चालला. थिंगची खरी ताकद मला इथे दिसते.

मग एवढ्या सभेचा चमचा कसा झाला? कचेरीतून झाला. सभेपुढे जे येई त्यालाही लोक थिंगच म्हणू लागले: आधी खटला, मग वादाचा विषय, मग कुठलीही बाब, शेवटी कुठलीही वस्तू. या वाटेने इतरही शब्द गेले आहेत. लॅटिन 'काउझा' म्हणजे दावा. त्याचं फ्रेंचमध्ये 'शोज' झालं, इटालियन-स्पॅनिशमध्ये 'कोसा', आणि अर्थ 'वस्तू'. जर्मन 'झाखं' आज वस्तू आहे, पूर्वी तंटा होती.

आणि मराठीही याच वाटेवर भेटते. गोष्ठ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा, त्यातूनच आपला गोठा. गोष्ठी म्हणजे माणसांची बैठक, मग बैठकीतलं बोलणं. त्याची झाली 'गोष्ट': आधी कथा, मग बाब, मग 'चार गोष्टी बाजारातून आण' यातली वस्तू. थिंग आणि गोष्ट यांचं रक्ताचं नातं नाही, पण प्रवास तोच.

इंग्लंडात सभेला 'मोट' हा शब्द आधीच रुळला होता. 1066नंतर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते कोर्ट आणि पार्लमेंट घेऊन आले, आणि 'थिंग'कडे वस्तूच उरली. 'हस्टिंग्ज' तेवढा टिकला. हा नॉर्स 'हूस-थिंग', सरदाराची घरची सभा. आता निवडणुकीच्या प्रचारसभांना म्हणतात. जर्मनमध्ये बचाव करणे म्हणजे 'फेरटायडिगेन', आणि त्याच्या पोटात 'टागेडिंग' हा नेमल्या दिवसाच्या न्यायसभेचा जुना शब्द दडला आहे. डच वकील आजही तातडीच्या दाव्याला 'कॉर्ट गेडिंग' म्हणतात. आइसलँडमध्ये उलटं झालं: वस्तूला 'ह्लुतुर' हा वेगळा शब्द रूढ झाला आणि थिंग मुख्यतः संसदेचीच राहिली. अल्थिंग थिंगवेल्लीरला शेवटची भरली 1798 साली. 1845पासून ती रेक्याविकला भरते, पण 17 जून 1944 रोजी प्रजासत्ताक जाहीर करायला लोक पुन्हा त्याच मैदानात जमले. नॉर्वेची संसद स्टॉर्टिंग, डेन्मार्कची फोल्केटिंग. या दोन्ही देशांत दोन्ही अर्थ शेजारी नांदतात, फक्त लिंगाने वेगळे ओळखू येतात: 'एन टिंग' म्हटलं तर वस्तू, 'एट टिंग' म्हटलं तर सभा.