श्वासाचा हिशेब

माझी भाची नववीत शिकते. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी ती विज्ञानाची वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत कार्बनचक्राची आकृती होती. झाड, गाय, कारखाना, समुद्र आणि त्यांना जोडणारे बाण. बाईंनी पाचपैकी पाच गुण दिले होते, तरी तिचे समाधान झाले नव्हते. ती म्हणाली, ‘‘मामू, आपण श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो. पृथ्वी तापवणारा वायूही तोच. मग आपण श्वास घेतो, हासुद्धा गुन्हाच ना?’’

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तेव्हा मला उत्तर देता आले नाही. मग पुस्तके चाळली आणि लक्षात आले, की तिच्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या इतिहासात आहे. श्रोतेहो, आज तोच इतिहास थोडक्यात सांगणार आहे.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाहिला असेल. त्याचे मूळ अडीचशे वर्षांहून जुने आहे. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी आपले प्रयोग १७५६ मध्ये प्रसिद्ध केले. चुनखडी भाजली की तिचे वजन घटते, कारण तिच्यात कोंडलेला एक वायू निघून जातो, असे त्यांनी दाखवले. त्या वायूला त्यांनी ‘बांधलेली हवा’ अशा अर्थाचे नाव दिले. हीच हवा आपल्या उच्छ्वासातही असते, हे पुढे त्यांनी निवळीच्याच साहाय्याने सिद्ध केले. दगडात आणि माणसाच्या छातीत एकच वायू!

१७ ऑगस्ट १७७१ रोजी जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. हे काम झाडाचा हिरवा भाग करतो आणि तोही सूर्यप्रकाशातच, हे डच वैद्य इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये सांगितले. झाडाच्या अंगातला कार्बन हवेतून येतो, हे स्वित्झर्लंडच्या द सोस्यूर यांनी १८०४ मध्ये मोजमापाने दाखवले. भाचीच्या वहीतले झाडाचे आणि प्राण्याचे बाण असे एकेक करून जुळत गेले.

दुसरा धागा उष्णतेचा. १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले. हा वायू हवेत वाढला तर पृथ्वीही तापेल, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. त्यांचा निबंध विद्वानांच्या सभेत दुसऱ्याने वाचला आणि पुढे दीडशे वर्षे त्यांचे नाव जवळजवळ विसरले गेले. १८५९ मध्ये लंडनच्या जॉन टिंडल यांनी कोणते वायू उष्णतेचे किरण शोषतात, ते काटेकोरपणे मोजले. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी हातानेच आकडेमोड करून सांगितले, की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. आजचा अंदाज साधारण अडीच ते चार अंशांचा आहे. तेव्हा कोणी घाबरले नाही. थंड देशाला थोडी ऊब मिळेल, तीही फार काळाने, असे खुद्द अऱ्हेनियस यांना वाटत होते.

हे दोन्ही धागे एकत्र आले ते १९५८ मध्ये. चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर हवा मोजायला सुरुवात केली. दहा लाख भागांत ३१३ भाग, ही तिथली पहिली नोंद. हा आकडा दरवर्षी मे महिन्यापर्यंत चढतो आणि उत्तर गोलार्धात पालवी फुटली की उतरतो. जणू धरणीच श्वास घेते आहे. पण प्रत्येक वर्षाचा आकडा आदल्या वर्षापेक्षा वरच राहतो. २०२४ ची सरासरी ४२४ च्या घरात गेली. कारखानदारीपूर्वी हाच आकडा २८० च्या आसपास होता.

आपल्याकडे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला आणि पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा झाला. चांगलेच झाले. पण मी चाळलेल्या पुस्तकांत कार्बनचक्र एका धड्यात आणि तापमानवाढ दुसऱ्याच धड्यात. चक्राच्या चित्रात सगळे बाण सारखेच. त्यात काळ कुठेच नाही. मग मुलांनी श्वास आणि धुराडे एकाच तराजूत घातले, तर त्यांचा काय दोष?

म्हणून आम्ही दोघांनी तिची आकृती पुन्हा काढली आणि प्रत्येक बाणाशेजारी काळ लिहिला. आपल्या श्वासातला कार्बन गेल्या हंगामातल्या ज्वारीचा, तांदळाचा. पिकाने तो हवेतूनच घेतला होता, आपण तो परत केला. उसने घेतले ते फेडले. शिल्लक शून्य. जळणाच्या लाकडाचे वीस-पंचवीस वर्षांचे देणे. पण चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा पंचवीस कोटी वर्षांपेक्षाही जुना. इतका काळ जमिनीत पुरून राहिलेला कार्बन आपण एका दुपारी जाळतो. हवेत भर पडते ती या जुन्या ठेवीची.

भाचीचा चेहरा मोकळा झाला. मग तिने वर, फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिले. ‘‘मामू, हा त्याच कोळशावर चालतो ना?’’

‘‘बराचसा,’’ मी म्हणालो.

तिने पंखा बंद केला नाही, मीही तसे सुचवले नाही. उकाडा होताच. पण श्वासाची अपराधी भावना गेली आणि तिच्या जागी खरा प्रश्न आला. शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की फळ्यावर बाण काढाल तेव्हा त्याच्याशेजारी वर्षेही लिहा. मुलांना भीती घालण्याऐवजी हिशेब शिकवला, तर पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)