नार्सिसचे साप

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या उत्तरेला, नार्सिस नावाची एक चिमुकली वस्ती आहे. तिचा लौकिक आहे तो सापांमुळे. इथला चुनखडीचा खडक पाण्याने झिजून खचला, त्यात खड्डे आणि खोल भेगा तयार झाल्या. हिवाळ्यात वर पारा उणे 40 अंशांकडे घसरतो, पण भेगांच्या तळाशी गोठवणारी थंडी नसते. तिथे हजारो गार्टर साप एकमेकांना चिकटून थंडी काढतात.

हा साप ओळखायला सोपा. काळसर अंगावर लांबलचक तीन पिवळट पट्टे आणि इथल्या उपजातीत कुशीला तांबडे ठिपके. आपली नानेटी याच उपकुळातली, पण तिच्या पाठीवर पट्टे दोनच.

एप्रिलअखेर नर आधी वर येतात आणि दबा धरून थांबतात. मादी दिसली रे दिसली, की डझनावारी नर तिच्यावर तुटून पडतात. सापांचा अक्षरशः गुंता होतो. मग सारे दलदलीकडे, बेडकांच्या शोधात पांगतात. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते.

माणसाचं लक्ष गेलं ते आधी धंद्याकडे. प्रयोगशाळांना पुरवण्यासाठी इथून साप बेसुमार धरले गेले. पुढे सरकारने ही विक्री बंद केली. 1999मध्ये कडाक्याच्या थंडीने हजारो साप मेले. शिवाय शेजारच्या 17 क्रमांकाच्या महामार्गावर दरवर्षी चिरडले जात, ते वेगळेच. त्यावर उपाय साधाच निघाला: रस्त्याकडेला बुटकी कुंपणं आणि खालून बोगदे.