फोन ठेवला, तरी काम चालू!

समजा, दूरच्या संगणकावर आपण एक मोठी आकडेमोड सुरू केली. ती दोन दिवस चालणार आहे. तासाभराने मधली जोडणी तुटली, तर त्या आकडेमोडीचे काय होईल? तिकडचा संगणक तर व्यवस्थित चालू आहे. तरीही यूनिक्स घराण्यातल्या संगणकांवर आधी वेगळी तजवीज केली नसेल, तर ती बहुधा तिथेच संपते. असे का व्हावे? याचे उत्तर टेलिफोनच्या तारेत सापडते.

सुरुवातीच्या संगणकांना हा प्रश्न नव्हता. पंच-कार्डांचा गठ्ठा द्यायचा, घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी निकालाचा कागद न्यायचा. माणूस समोर असो वा नसो, प्रोग्रॅमला त्याचे सोयरसुतक नसे. पण चूक झाली तर तीही दुसऱ्याच दिवशी कळे. म्हणून नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांनी एक वेगळी पद्धत दाखवली. एकच संगणक अनेकांना आळीपाळीने क्षणक्षण वाटून द्यायचा. प्रत्येकाला वाटते, यंत्र माझ्याशीच बोलते आहे. माणसाचा संगणकाशी संवाद सुरू झाला. पण संवाद म्हटला की समोर कोणीतरी हवे!

१९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी यूनिक्सची सुरुवात केली. ही प्रयोगशाळा अमेरिकेतील टेलिफोन कंपनीचीच. दूरचा माणूस टेलिटाइप यंत्रावरून फोन लावी. सेकंदाला दहा अक्षरे, एवढाच त्या यंत्राचा वेग. फोन ठेवला गेला, की मोडेमला ते कळे आणि प्रणाली प्रोग्रॅमला ‘हँग-अप’ म्हणजे ‘फोन ठेवला’ असा संकेत पाठवी. यूनिक्सच्या संकेतांच्या यादीत त्याचा क्रमांक आजही १ आहे. प्रोग्रॅमने काही वेगळे ठरवले नसेल, तर हा संकेत मिळताच तो संपतो.

हा नियम निष्ठुर वाटतो, पण त्यामागे विचार होता. यूनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढले, त्यात एकूण स्मृती २४ किलोबाइट होती. त्यातील १६ प्रणालीच घेई. निघून गेलेल्या माणसाचा प्रोग्रॅम उरलेल्या आठांत का ठेवावा? शिवाय त्याच तारेवर पुढचा फोन दुसऱ्याचाच आला, तर आधीच्याचे उघडे काम त्याच्या हाती पडेल. फोन ठेवणे म्हणजे काम सोडणे, असे मानणेच सुरक्षित होते.

पण गणिताला दोन दिवस लागणार असतील, तर दोन दिवस फोन धरून कोण बसणार? १९७३ मध्ये यूनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ‘नोहप’ ही आज्ञा आली. ‘नो हँग-अप’चेच हे छोटे रूप. तिची युक्ती साधी आहे. प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच ‘हँग-अप संकेताकडे दुर्लक्ष कर’ असे ठरवून ठेवायचे. नव्या प्रोग्रॅमकडे हा निर्णय वारशाने येतो. आता फोन तुटला तरी काम चालूच राहते. मात्र परत आल्यावर त्याच्याशी पूर्वीसारखे बोलता येत नाही. त्याने फाइलीत लिहून ठेवलेले तेवढे वाचायचे.

संवादही राहावा आणि कामही, ही सोय १९८७ मध्ये ‘स्क्रीन’ने केली. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांचा हा प्रोग्रॅम. आपण गावाला जाताना टपाल शेजाऱ्याकडे द्यायला सांगतो, तसे हे आहे. ‘स्क्रीन’ दूरच्या संगणकावरच राहतो आणि प्रोग्रॅमला एक खोटे टर्मिनल देतो. आपली जोडणी तुटली तरी हे टर्मिनल तुटत नाही, म्हणून प्रोग्रॅमला काही कळतच नाही. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावाहूनही, आपण तोच पडदा पुन्हा उघडू शकतो. २००७ मध्ये निकोलस मॅरियट यांनी सुरू केलेला ‘टीमक्स’ याच तत्त्वावर चालतो.

वाद मात्र मिटला नाही. मे २०१६ मध्ये लिनक्सवरील ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थापक प्रोग्रॅमच्या २३० व्या आवृत्तीने ठरवले, की माणूस बाहेर पडला की त्याचे मागे राहिलेले सर्व प्रोग्रॅम बंद करायचे. त्यात ‘स्क्रीन’ आणि ‘टीमक्स’ही आले. विसरलेले प्रोग्रॅम यंत्र अडवतात, हा एक पक्ष. मुद्दाम ठेवलेले काम मारणे हा अन्याय, हा दुसरा. डेबियन लिनक्सने आपल्याकडे जुनीच रीत ठेवली. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रश्न तसाच होता: गैरहजर माणसाचे काम सोडून दिलेले मानायचे, की सोपवलेले?

अर्थात वीज गेली, तर यातला एकही उपाय कामाचा नाही. म्हणून लांबलचक आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रॅमने मधली उत्तरे ठरावीक वेळाने डिस्कवर लिहून ठेवावीत. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

लिनक्सचा संगणक मिळाला, तर विद्यार्थ्यांना एक प्रयोग करता येईल. दर सेकंदाला फाइलीत पुढचा आकडा लिहिणारा छोटा प्रोग्रॅम टर्मिनलच्या खिडकीत सुरू करा आणि खिडकी बंद करा. आकडे कुठे थांबले ते पाहा. मग तोच प्रोग्रॅम ‘नोहप’ लावून चालवा. फोन नसतानाही फोन ठेवल्याचा संकेत कसा काम करतो, हे त्यांना स्वतःच दिसेल.