सुरतेचा पाव आणि गोव्याचा सूर

मे महिन्यात सुरतेला, पर्वत पाटियात भावाकडे गेलो होतो. वहिनीने यीस्ट घालून मळलेला मैदा ओट्यावर झाकून ठेवला. तासाभरात दुप्पट! मला आमचा पोदेर आठवला. साष्टीत पाव जेझुइटांनी आणला. यीस्टऐवजी माडाचा सूर घालत आणि पीठ रात्रभर घरच्याच उबेत फुगत असे. गंमत म्हणजे सुरतेत वलंदेजांच्या बेकरीत शिकलेले पारशी फरामजी दोटीवालाही ताडीच वापरीत, असे सांगतात. 1949 च्या दारूबंदी कायद्याने तिथली ताडी गेली. आमच्याकडे बंदी नव्हती, पण रेंदेर कमी झाले आणि पावातला सूरही गेला.

म्हटले, "वहिनी, चिमूटभर यीस्टवर रात्रभर ठेवून बघा."

"भावजी, या उकाड्यात? सकाळी भांड्याबाहेर आलेलं असेल!"