नेसरीची खिंड आणि भोंवतालचे गड

गडावर जावयाचें म्हणजे कमरेस दोर बांधून कडा चढावयाचा, अशी एक समजूत अलीकडे तरुण मंडळींत दृढ झालेली दिसते. ज्या वाटेवर पाय घसरण्याचें भय नाहीं, ती वाट त्यांच्या लेखीं वाटच नव्हे. या समजुतीमुळें घरांतील वडील माणसें व लहान मुलें एका निर्मळ आनंदास मुकतात. आणि इतिहासाचेंही नुकसान होतेंच, कारण धापा टाकीत चढणाऱ्यास भोंवतालचा दगड न्याहाळण्याची फुरसत नसते. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरी हें गांव मध्यबिंदु धरून दोन-चार दिवस हिंडावयाचें ठरविलें, तर ही अडचण उरत नाहीं. येथील वाटा सौम्य आहेत, रानें दाट आहेत, गडांच्या माथ्यांवर तळीं आहेत. आणि त्या तळ्यांच्या कांठीं जे तट ढांसळून पडले आहेत ते कोणी व कां पाडले, हें सांगणारा इतिहास फार जुना नाहीं.

नेसरीच्या पूर्वेस गडहिंग्लजकडील उघडा मुलूख, तर पश्चिमेस आजरा व चंदगड यांच्या बाजूच्या सह्याद्रीच्या रांगा. घटप्रभा नदी चंदगडच्या डोंगरांतून निघून या भागांतून पुढें कर्नाटकांत गोकाककडे जाते. पश्चिमेकडे जसजसें जावें तसतशी माती तांबडी होत जाते, ऊंस मागें पडतो, आणि काजू, जांभूळ, ऐन, करवंद यांची दाटी सुरू होते. पावसाळा सरल्यापासून शिवरात्रीपर्यंतचा काळ येथें हिंडण्यास उत्तम.

शिवरात्रीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाहीं. २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस महाशिवरात्रीचा होता, आणि त्याच दिवशीं शिवछत्रपतींचे सरनोबत प्रतापराव गुजर हे विजापूरचा सरदार बहलोलखान याच्या फौजेवर तुटून पडून मारले गेले. नेसरीजवळच्या खिंडींत त्यांचें स्मारक आहे. येथें तट नाहीं, बुरूज नाहीं, पडका दरवाजाही नाहीं. दोन टेकड्यांमधील वाट, एवढेंच काय तें. तरीही मराठी मुलखांतील फार थोड्या जागा इतक्या लोकांस ठाऊक असतील. याचें पुष्कळसें श्रेय कुसुमाग्रजांच्या कवितेस व ती घरोघर पोंचविणाऱ्या गायनास दिलें पाहिजे.

परंतु कवितेनें जें दिलें त्याच्या आड थोडें झांकलेंही गेलें आहे. घटनेनंतर थोड्याच आठवड्यांनीं, एप्रिल १६७४ मध्यें, नारायण शेणवी यानें मुंबईच्या इंग्रजांस लिहिलेल्या पत्रांत प्रतापराव दोन डोंगरांमधील अरुंद वाटेंत सहा स्वारांसह पडले व बाकीच्या सैन्याची त्यांस कुमक झाली नाहीं, असा मजकूर आहे. म्हणजे सात ही संख्या कवीची नव्हे. ती त्या काळच्या वार्तेंतलीच आहे. उलट सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद गांवाचें नांव ‘जेसरी’ असें देतो आणि मोठ्या रणाचें वर्णन करतो. सातांची गोष्ट त्याच्या येथें नाहीं. विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल व विठोजी शिंदे हीं जीं सहा नांवें आज सर्वत्र सांगितलीं जातात, तीं परंपरेनें आलेलीं आहेत. शेणव्याच्या पत्रांत तीं नाहींत. आमच्या मतें येवढ्यानें त्या प्रसंगाची थोरवी कमी होत नाहीं. सोबत्यांचीं नांवें लिहून ठेवण्याइतकी सवड त्या काळच्या बातमीदारास नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट त्याच्या आदल्या वर्षींची आहे. एप्रिल १६७३ मध्यें उमराणी येथें (हें गांव आतां सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यांत येतें) प्रतापरावांनीं याच बहलोलखानाचें पाणी तोडून त्यास कोंडीत धरलें होतें. खान शरण आला, आणि प्रतापरावांनीं त्यास जाऊं दिलें. सुटलेला खान पुन्हां स्वराज्यावर चालून आला. महाराजांनीं खडसावलें, खानास बुडविल्यावांचून तोंड दाखवूं नये असें कळविलें. आणि त्या शब्दांचा शेवट नेसरीच्या खिंडींत झाला. तहानेनें व्याकुळ झालेल्या शत्रूस सोडून देणारा सेनापति व सहा स्वारांनिशीं फौजेवर घोडा घालणारा सेनापति हे एकच गृहस्थ होते. दुसऱ्यावर आपण गाणीं गातों. पहिल्याची चूक म्हणून दोन ओळींत वासलात लावतों. राज्याच्या दृष्टीनें महाराजांचा राग यथार्थच होता, यांत शंका नाहीं. पण खिंडींत उभें राहिल्यावर उमराणीचीही आठवण होणें उचित आहे.

खिंडीकडून गडहिंग्लजच्या बाजूस वळलें म्हणजे सामानगड येतो. समुद्रसपाटीपासून अदमासें ३,००० फूट उंच असलेल्या या गडाचा माथा आटोपशीर व सपाट असून वर गाडी जाते. आंत शिरल्यावर प्रथम मन वेधून घेतात त्या जांभ्या दगडांत खोल उतरत गेलेल्या विहिरी. पायऱ्या उतरतांना एकामागून एक कमानी लागतात, आणि तळाशीं थंडगार काळोख असतो. ज्या खड्ड्यांतून तटाचा दगड काढला त्यांच्याच विहिरी केल्या असाव्यात, असें तो तासलेला दगड पाहून वाटतें. आमच्या पूर्वजांच्या काटकसरीचा याहून सुंदर नमुना शोधूं जातां सांपडणार नाहीं. भवानीचें देऊळ पाहून तटाच्या कडेकडेनें फेरी घातली तर लहान मुलासही ती जड जात नाहीं.

मात्र फेरी घालतांना तट ठिकठिकाणीं ज्या रीतीनें कोसळला आहे तिकडे लक्ष द्यावें. पावसानें व पिंपळाच्या मुळांनीं जेवढें पाडलें त्याहून अधिक माणसांनीं पाडलें आहे. १८३८ मध्यें कोल्हापूरचे छत्रपति शहाजी ऊर्फ बाबासाहेब वारले. गादीचे वारस अल्पवयी. तेव्हां कंपनी सरकारनें कारभारांत हात घालून दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमविलें. नव्या व्यवस्थेंत गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यांत गेल्या. पिढ्यान् पिढ्या गड राखावा व त्याबद्दल जमीन खावी, हा ज्यांचा धर्म आणि धंदा, त्यांस एका हुकुमानें सांगण्यांत आलें कीं तुमची आतां गरज नाहीं. १८४४ च्या पावसाळ्यांत सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनीं दरवाजे लावून घेतले. बंड पसरलें, साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स हा बंडवाल्यांच्या हातीं लागून पन्हाळ्यावर कैदेंत पडला. ऑक्टोबरमध्यें जनरल डेलामोटच्या फौजेनें सामानगड घेतला, १ डिसेंबर १८४४ रोजीं पन्हाळा पडला, आणि मग सुरुंगांचें काम सुरू झालें. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हांच जमीनदोस्त झाला. सामानगडावरची मामलेदार कचेरी गडहिंग्लजला गेली आणि गड ओस पडला.

महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकलेल्या वाचकांस पडक्या गढीविषयीं एक गोड हुरहुर वाटावयास शिकविलेलें असतें. काळानें शिवलेला तट, त्यावर चढलेली वेल, खालीं सरोवराचें निश्चल पाणी, या चित्रांत सर्व दोष काळावर टाकलेला असतो. स्कॉटलंडांत लॉक नेस सरोवराच्या कांठीं अर्कहर्ट नांवाचा असाच एक पडका किल्ला आहे. तेथें हजारों प्रवासी रमतगमत हिंडतात. तो काळानें पाडलेला नव्हे. १६९२ मध्यें किल्ला सोडून जातांना सरकारी शिबंदीनेंच, तो जेकोबाइट पक्षाच्या हातीं लागूं नये म्हणून, त्याचा दरवाजा दारूनें उडवून दिला. दीडशें वर्षांनीं तीच युक्ति कोल्हापुरांत योजली गेली. ‘कालाय तस्मै नमः’ म्हणून निःश्वास सोडण्यापूर्वीं सरकारी दप्तर चाळावें हें बरें.

भुदरगडासही तोच न्याय लागला. नेसरीहून आजऱ्याच्या वाटेनें गारगोटीस जावें आणि तेथून वर. या गडाच्या विस्तीर्ण माथ्यावर दूधसागर नांवाचें मोठें तळें आहे. पाणी नांवाप्रमाणें पांढुरकें, आणि भोंवतीं गवताचें पठार. सायंकाळीं भैरवनाथाच्या देवळापासून तळ्याच्या कांठाकांठानें चालत गेलें असतां आपण एका बंदोबस्ताच्या जागीं आहों हें ध्यानांतही राहत नाहीं. सहलीसाठीं म्हणून एकच जागा निवडावयाची तर आम्ही हीच निवडूं.

आतां राहिला पारगड. चंदगडहून इसापूरकडे जाणारा रस्ता रानांतून जातो. गडाच्या पायऱ्या साडेतीनशेंच्या घरांत भरतात. वडील माणसांनीं त्या विसांवा घेत चढाव्या. महाराजांनीं १६७६ मध्यें हा गड वसविला व तानाजी मालुसरे यांचा पुत्र रायबा यास तेथें किल्लेदार नेमलें, अशी परंपरा आहे. मालुसऱ्यांचे वंशज व इतर गडकऱ्यांचीं घराणीं आजही गडावर नांदत आहेत. येथें तट ढांसळलेला नाहीं असें नव्हे. पण अंगणांत तुळस आहे, भवानीपुढें दिवा आहे, आणि गणेश, महादेव, गुंजन व फाटक हे चार तलाव नांवानिशीं लोकांच्या तोंडीं आहेत. सामानगडाच्या सातकमानी विहिरीवर सहलीस आलेले लोक क्षणभर डोकावतात व निघून जातात; येथील पाणी वापरांतलें आहे. मजबूत तट सामानगडास होता, घरें पारगडास राहिलीं. पश्चिमेच्या कडेवरून खालीं कोंकणाची हिरवी पट्टी दिसते. पलीकडे गोव्याची हद्द दूर नाहीं. ज्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठीं हा गड उभारला, ते डिसेंबर १९६१ मध्यें गोवा सोडून गेले. ज्यांस नजर ठेवावयास बसविलें, त्यांचीं नातवंडें-पतवंडें मात्र शाळेस व बाजारास जाण्यासाठीं त्याच पायऱ्या उतरत आलीं आहेत. तलावांची फेरी दोन घटकांत होते. ती सकाळीं करावी, आणि कांठावर धुणें धुणाऱ्या बायांना गडाविषयीं विचारावें. त्यांस पुष्कळ ठाऊक असतें.